दोन उरलेत

लोक म्हणतात, अल्तान विकला गेला.
मी परात कमरेला टेकवून ऐकतो
आणि लिंबाच्या फोडी करतो.

जुन्या गोदीच्या भिंतीवर लाल रंगात तेच लिहिलंय.
शेजारी कुणी त्याचं मुंडकं काढलंय, ताटात वाढलेलं,
कानामागे कोथिंबिरीची काडी.
चित्र चांगलं आहे. नाक तर हुबेहूब.

अकरा वर्षांमागे हेच नाक
माझ्या परातीवर वाकलं होतं, रात्री दोनला,
इस्तिक्लालच्या मागच्या बोळात, कॅमेऱ्यासकट.
भात भरलेले त्रेचाळीस शिंपले खाल्ले. टरफलं मीच मोजली.
मग ओठावरचं शीत तसंच ठेवून
साऱ्या तुर्कस्तानाला म्हणाला,
"ज्या दिवशी याच्यावर छप्पर येईल
त्या दिवशी यातला समुद्र मरेल."
वाक्य मोठं होतं.
माझ्या बुटांत बर्फाचं पाणी शिरलं होतं,
आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणी
समुद्रापेक्षा छप्पर हवं होतं.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं आली, रांग लावून.
त्यांच्या मागोमाग पालिकेची गाडी.
तीन पराती गटारात. तांदूळ, बेदाणे, चिलगोजे,
मेदिनेची अख्खी रात्र.
त्याचं चित्रण कुणी केलं नाही.

आता तो गोदीत बाजार भरवणार आहे.
काचेचं छत, सत्तर गाळे, खाडीकडे तोंड.
मला बोलावलं, टेबलावर नकाशा उलगडला.
एकेचाळीस नंबरच्या चौकोनात माझं नाव,
शेहमुसमधलं एक अक्षर चुकलेलं.
"हा बघ नळ," म्हणाला. "तुझा स्वतःचा. गरम पाणी."
मी नळाच्या खुणेवर बोट ठेवलं
आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

मग विचारलं, शंभरातले किती?
तीस.
आणि मेदिने? आणि त्या पाच जणी,
तळघरात तेलाच्या डब्यांवर बसून
सुरीच्या एका झटक्यात शिंपला उघडणाऱ्या?
त्या यात कुठे बसतात?
"मध्यवर्ती स्वयंपाकघर," तो म्हणाला, "मशीन आहे."
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
हातांवरचे जुने चटके पांढरे पडलेत त्याच्या.
नवा एकही नाही.

"तुलाही वाटतं का, शेहमुस, की मी..."
पुढचं त्याने गिळलं.
एवढी मोठी वाक्यं करणारा माणूस.

फलक घेतलेली पोरं माझ्याकडेच खातात.
त्यातला एक, दाढी नुकती फुटलेली,
बारा खाऊन दहाचे पैसे देतो
आणि माझा दंड धरून म्हणतो,
"तू तरी जाऊ नकोस, काका. तू अस्सल आहेस."
अस्सल.
माझे गुडघे अस्सल आहेत, बाळा.
तेवीस वर्षं उभं राहिलं
की दुखणंसुद्धा पहिल्या धारेचं निघतं.

काल मध्यरात्रीनंतर तो आला. एकटा.
टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
खात राहिला, बोलला नाही. मीही लिंबू पिळत राहिलो.
टरफलं एकात एक घालून रचली त्याने,
आम्ही रचतो तशी. कुणी शिकवलं होतं कोण जाणे.
पैसे मोजून दिले, सुट्टे, वर एक नाणंही नाही.
बरं वाटलं.

करारनामा माझ्या आतल्या खिशात आहे.
त्यावर लिंबाचा डाग पडलाय, नेमका सहीच्या जागी.

घरी पोचलो तर मेदिने जागीच.
आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे,
उत्तर 'हो' आलं की दिवा मालवून झोपायचं असतं.
"विकलं गेलं?"

मी परात खाली ठेवली.
म्हटलं, दोन उरलेत.